सिग्नलला पाय ठेवला की ब्रेकचं पेडल हळूहळू खाली बसतंय, तीनदा हवा काढून झाली

पहाटवारा:

नमस्कार मंडळी. ब्रेकबद्दल विचारायचंय. जरा लांबड लावते, कारण आत्तापर्यंत ज्याला विचारलं त्याने अर्धं ऐकूनच उत्तर दिलं आणि माझी भीती होती तिथेच राहिली.

गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. दीड महिन्यापूर्वी पुढचे पॅड बदलले. ब्रेक ऑइल कित्येक वर्षांत बदललेलं नव्हतं, पार काळपट झालं होतं, म्हणून तेही पूर्ण बदलून घेतलं. त्यानंतर आठ-दहा दिवस ब्रेक मस्त लागत होते. मग एका संध्याकाळी सिग्नलला नुसता पाय ठेवून उभी होते आणि पाय खाली चाललाय असं वाटलं. आधी म्हटलं मीच दाबत असेन. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष दिलं तर खरंच, हलका पाय ठेवला की पेडल इतकं सावकाश खाली जातं की पटकन कळतही नाही, दहा-बारा सेकंदांत जवळपास तळाला. पाय उचलून परत मारला की पुन्हा वर आणि कडक. जोरात ब्रेक मारला तर गाडी व्यवस्थित थांबते, एका बाजूला ओढत नाही, आवाज नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही.

गॅरेजमध्ये "हवा धरली असेल" म्हणून आत्तापर्यंत तीनदा हवा काढून दिली. दरवेळी "आता झालं बघा" म्हणतात आणि पहिल्याच सिग्नलला तेच. ब्रेक ऑइलच्या डबीवर मी मार्करने खूण करून ठेवलीय, तीन आठवड्यांत ऑइल केसभरही खाली गेलेलं नाही. चारही चाकांच्या आतल्या बाजूने बघितलं, कुठे ओल नाही.

आता एक जण म्हणतो बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा भाग) गेला, दुसरा म्हणतो सगळ्याच गाड्यांचं असं होतं, दुर्लक्ष करा. मला दुर्लक्ष करवत नाहीये, मागच्या सीटवर लहान मूल असतं. नेमकं काय तपासू, कोणत्या क्रमाने, आणि तोपर्यंत गाडी चालवावी का?

चाकोरी:

"सगळ्याच गाड्यांचं होतं" हे कुठून आलं ते सांगतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. आता पाय दाबून ठेवा आणि तसंच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडंसं खाली जातं आणि थांबतं. हे झालंच पाहिजे, याचा अर्थ बूस्टर काम करतोय. पुष्कळ लोक हेच बघून घाबरतात आणि मग कोणीतरी त्यांना सांगतं की हे नॉर्मल आहे.

तुमचं तसं नाही. एकदा खाली जाऊन थांबणं वेगळं आणि तळापर्यंत जात राहणं वेगळं. आणि बूस्टर गेला तर पेडल उलट कडक होतं, पायाला जोर लावावा लागतो. त्यामुळे बूस्टर बदलण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका.

ग्रीसचे हात:

ताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की निम्मं निदान तिथेच झालंय. बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून आधी महत्त्वाचं सांगतो. गाडी चालवू नका. उभी करा. जोरात मारल्यावर थांबते म्हणून भरवसा ठेवू नका, का ते खाली लिहितो.

आधी हवेचा विषय संपवू. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. लाइनमध्ये हवा असेल तर पेडल मऊ लागतं, स्पंजवर पाय दिल्यासारखं, खोल जातं, दोन-तीनदा पंप केलं की वर येतं. पण पाय धरून ठेवला की जिथे आहे तिथे थांबतं, कारण हवा आकसली तरी ती आतच आहे, कुठे पळत नाही. तुमचं पेडल कडक आहे आणि तरी खाली सरकत राहतं. याचा एकच अर्थ, ऑइल एका जागेवरून दुसऱ्या जागी चाललंय. बाहेर जात असेल तर डबीतली पातळी उतरली असती. पातळी हललेली नाही, म्हणजे ऑइल सिस्टिमच्या आतच वाट काढतंय. ती वाट दहातल्या आठ वेळा मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल जिथे दाब तयार करतं त्या मुख्य सिलिंडरमध्ये, असते.

आत काय असतं ते सांगतो. नळीसारखा सिलिंडर, त्यात एकामागे एक दोन पिस्टन, दोन वेगळ्या ब्रेक लाइनसाठी, म्हणजे एक फुटली तरी दुसरी राहते. प्रत्येक पिस्टनवर रबरी कप असतो, आपल्याकडे कुणी वायसर म्हणतं कुणी सील म्हणतं. कपाची पातळ कड नळीच्या भिंतीला चिकटून असते आणि पुढचं ऑइल पुढेच कोंडून ठेवते. पाय दिला की पिस्टन पुढे सरकतो, डबीकडे जाणारं बारीक छिद्र ओलांडतो, तिथून पुढे दाब तयार होतो. (एबीएसच्या पुष्कळ गाड्यांत छिद्राऐवजी पिस्टनमध्येच छोटा व्हॉल्व असतो, त्याच्या बैठकीवर कचरा अडकला तरी हेच लक्षण.) आता कपाची कड कुठे झिजली किंवा चिरली असेल तर ऑइल कडेवरून मागे पिस्टनच्या पाठीशी जातं आणि तिथून परत डबीत. म्हणून पेडल बसतं आणि डबी भरलेलीच राहते.

आणि हलक्या पायाला बसतं, जोराच्या पायाला नाही, हे का? जोरात दाबलं की आतला दाब खूप वाढतो आणि तोच दाब कपाची कड भिंतीवर चेपून बसवतो, चीर तात्पुरती मिटते. सिग्नलला नुसता पाय ठेवला की दाब कमी, कड सैल, ऑइल झिरपत जातं. म्हणून गॅरेजच्या दारात कोणी खाडकन ब्रेक मारून बघितला तर त्याला पेडल ठणठणीत लागतं आणि तो म्हणतो काही नाही. पण ती कड अजून थोडी फाटली की जोराच्या पायालाही धरणार नाही, आणि ते कोणत्या दिवशी होईल ते सांगून होत नाही.

आता मनाला लागणारी गोष्ट. हे बहुतेक ऑइल बदलताना झालंय. रोजच्या वापरात पेडल वरच्या निम्म्या चालीतच काम करतं, पिस्टन नळीच्या पुढच्या टोकापर्यंत कधी जातच नाही. जुनं ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि त्या न वापरलेल्या टोकाला वर्षानुवर्षं गाळ बसतो, धातू खवखवीत होतो. मग हवा काढताना कोणीतरी पेडल तळापर्यंत दणादण मारतं आणि मऊ रबराची कड त्या खरखरीत भागावरून घासत जाते. लगेच कळत नाही, काही दिवसांत कळतं. तुमची तारीख बरोबर जुळते. त्यात नंतर अजून तीनदा हवा काढली म्हणजे तीच कड अजून तीनदा घासली. आम्ही शिकताना उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं, जुन्या गाडीची हवा काढायची तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, पाय तळाला जाताच कामा नये. एवढी साधी गोष्ट लोक करत नाहीत याचं मला अजूनही वाईट वाटतं.

घरी करण्यासारखं एवढंच: गाडी सपाट जागी, चाकांना अडणी. इंजिन बंद, पेडल चार-पाचदा मारून व्हॅक्यूम संपवा, मग हलका सारखा दाब ठेवून मिनिटभर थांबा. तेव्हाही बसलं तर बूस्टरचा संबंध नाही हे पक्कं. मग डबीचं झाकण उघडा, दुसऱ्या कोणाला तरी हलका पाय ठेवायला सांगा आणि टॉर्चने आत बघा. पाय ठेवल्या क्षणी एखादी उसळी येते ती नॉर्मल. पण त्यानंतर पेडल सरकत असताना ऑइलमध्ये भोवऱ्यासारखी हालचाल होत राहिली किंवा पातळी किंचित चढली तर चोर सापडला. झाकण फार वेळ उघडं ठेवू नका आणि ऑइलचा थेंब रंगावर पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उचलून काढतं ते.

दुसरा गिअर:

ग्रीसचे हात यांनी लिहिलंय त्याच्याशी ९०% सहमत, पण दोन गोष्टी जोडतो कारण मी स्वतः चुकीच्या जागी हात घालून बसलो होतो.

माझ्या आधीच्या गाडीत ऑइल हळूहळू कमी व्हायचं आणि बाहेर एक थेंब दिसायचा नाही. चारही चाकं काढली, सगळे पाईप पुसून बघितले, काही नाही. शेवटी मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट सोडून सिलिंडर थोडा पुढे ओढला तर मागचं तोंड ओलं चिंब, आणि बूस्टरच्या पोटात ऑइल साठलेलं. मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरमध्ये जातं, तिथून इंजिनही व्हॅक्यूमच्या नळीने ते ओढू शकतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. त्यामुळे पातळी उतरत असेल आणि ओल नसेल तर तिथे बघा. ताईंची पातळी उतरत नाही हे वाचलंय, पण इथे पुढे कोणी वाचेल म्हणून लिहून ठेवलं.

दुसरं, एबीएस आहे. एबीएस युनिटमधला एखादा व्हॉल्व नीट बसत नसेल तरी पेडल असंच बसतं आणि पातळी तशीच राहते. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. मी लक्षणांवर विसंबून मास्टर सिलिंडर बदलला होता आणि पेडल तसंच राहिलं, तेव्हा फार मनस्ताप झाला. म्हणून सिलिंडर विकत घ्यायच्या आधी त्याचे पाईप सोडून तिथे प्लग लावून तपासून घ्या. पूर्ण सिस्टिम बाजूला पडते, उरतो फक्त सिलिंडर.

एक शंका आहे मात्र. काही ठिकाणी रबरी होज पकडीने दाबून एकेक चाक वेगळं करतात, ते चालतं का?

ग्रीसचे हात:

प्लगची चाचणी बरोबर सांगितलीत, मी लिहायला हवी होती. एबीएस गाडीत ती केल्याशिवाय निकाल देऊ नये.

करताना एवढं सांभाळा: प्लग त्याच आट्याचे आणि आतलं तोंड त्याच आकाराचं हवं, नाहीतर प्लगच गळेल आणि दोष सिलिंडरवर येईल. प्लग लावल्यावर आधी त्याच तोंडाशी हवा काढून घ्यायची, पाईप सोडताना थोडी शिरलेली असते. मग हलका पाय, नंतर मध्यम पाय. सिलिंडर चांगला असेल तर पेडल वरच थांबतं, भिंतीवर पाय दिल्यासारखं, आणि मिनिटभर हलत नाही. बसलं तर सिलिंडरच. आणि तिथे थांबलं पण पाईप जोडल्यावर बसलं तर सिलिंडर निर्दोष, पुढे एबीएस युनिट नाहीतर एखादी लीक.

पाईपचे नट सोडायला साधा पाना घेऊ नका. त्यासाठी खाच असलेला रिंग पाना येतो, पाईपवरून सरकवून नटाला चहूबाजूंनी धरतो. साध्या पान्याने नट गोल होतो आणि मग पाईपच बदलायची वेळ येते.

होज दाबण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पकडीने किंवा व्हाइसग्रिपने कधीच नाही. आतला थर चिरतो, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि पुढे तोच तुकडा आत झडपेसारखा लटकून चाक जाम धरतो. गोल तोंडाचे खास क्लॅम्प येतात, पण नऊ वर्षांच्या होजवर मी तेही लावत नाही.

लांबचा पल्ला:

मध्येच विचारतो, राग मानू नका. माझं पेडल धरून ठेवलं की बसत नाही, पण सकाळी पहिल्यांदा मारलं की खोल जातं, दुसऱ्यांदा वर येतं. हाही मास्टर सिलिंडरच का?

ग्रीसचे हात:

नाही दादा, हे वेगळं. धरल्यावर थांबतंय म्हणजे सील धरतायत. मागे ड्रम असतील तर शू आणि ड्रममध्ये अंतर वाढलेलं असतं, ऑटो अॅडजस्टर अडकलेला असतो, पहिला दाब नुसतं अंतर भरण्यात जातो. हँडब्रेकही वरपर्यंत ओढावा लागत असेल तर हेच. ड्रम उघडून साफ करा, अॅडजस्ट करा. तिथे नसेल तर चाकाचं बेअरिंग सैल आहे का किंवा डिस्क वाकडी आहे का बघा, डिस्क पॅडला मागे ढकलते आणि पहिलं पेडल रिकामं जातं. आणि नुकतंच कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं) काम झालं असेल तर हवा काढायचा निपल वरच्या बाजूला आहे ना एवढं बघा. डावा उजवीकडे बसला की निपल खाली येतो आणि वर अडकलेली हवा जन्मात निघत नाही.

पहाटवारा:

सगळ्यांचे आभार, विशेषतः ग्रीसचे हात दादा तुमचे. गाडी त्याच दिवशी उभी केली. निकाल सांगते.

इंजिन बंद ठेवून हलका पाय ठेवला, तरी बसलं, फक्त वेळ जास्त लागला, साधारण वीस सेकंद. मग भावाला बसवलं आणि मी टॉर्च घेऊन डबीत बघत होते. पहिली उसळी आली, तुम्ही म्हणालात तशी. त्यानंतर पृष्ठभाग शांत झाला आणि मग डबीच्या मागच्या कप्प्यात खालून काहीतरी वर येतंय असं दिसायला लागलं, उन्हात तापलेल्या रस्त्यावर हवा हलते ना तसं. भाऊ म्हणत होता "चाललं, चाललं खाली" आणि मला तेव्हाच ऑइल हलताना दिसत होतं. अंगावर काटा आला. तीन आठवडे याच ब्रेकवर मी मुलाला घेऊन फिरत होते.

मग दुसऱ्या गॅरेजमधून मेकॅनिक घरी बोलावला, गाडी चालवत नेली नाही. त्यांना प्लगचं सांगितलं तर जरा बघतच राहिले पण केलं त्यांनी नीट. प्लग लावूनही पेडल बसलं. म्हणजे सिलिंडरच.

आता ते विचारतायत की रबर किट टाकू का पूर्ण सिलिंडर. किट बरंच स्वस्त पडतं. काय करू? आणि पहिल्या ठिकाणी चुकीचं ऑइल घातलं गेलं असण्याची शक्यता आहे का, ते कसं ओळखायचं?

ग्रीसचे हात:

चुकीचं ऑइल आधी. डबीच्या झाकणातलं रबर बघा. इंजिन ऑइल, स्टिअरिंगचं ऑइल असलं काही पडलं असेल तर ते रबर फुगून सैल, सुरकुतलेलं होतं, परत जागेवर बसत नाही. तसं असेल तर नुसता सिलिंडर बदलून भागणार नाही, सिस्टिममधलं प्रत्येक रबर बदलावं लागेल. रबर घट्ट आणि मूळ आकारात असेल तर ती चिंता सोडा.

किट की पूर्ण, याचं उत्तर नळीच्या आतल्या भिंतीत आहे. भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर किट चालतं. कुठेही खड्डा किंवा पट्टा असेल तर नवीन रबर त्याच जागी काही महिन्यांत कापलं जाणार. जुन्या काळचे सिलिंडर बिडाचे असायचे, आतून होन मारून, म्हणजे घासून गुळगुळीत करून, घ्यायचे. हल्लीचे अॅल्युमिनियमचे, आतून कडक थर दिलेला, होन मारला की तो थरच जातो. तुमचा दोष त्या टोकाच्या खरखरीत भागातूनच आला असावा असा माझा अंदाज आहे, म्हणून मी तरी पूर्ण सिलिंडर घालेन. ब्रेकमध्ये बचत शोधू नका ताई, लहान मूल आहे म्हणालात.

बसवताना मेकॅनिकसोबत उभ्या राहा आणि या गोष्टी बघा. नवा सिलिंडर गाडीवर चढवायच्या आधी व्हाइसमध्ये त्याच्या फ्लँजला (नट बसतात त्या सपाट कडेला) धरून त्याची हवा काढायची, नळीचं अंग व्हाइसमध्ये दाबायचं नाही. दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं डबीतल्या ऑइलमध्ये बुडवायची, आणि पिस्टन लाकडी दांड्याने हळू ढकलायचा, सोडायचा, थोडं थांबायचं, परत. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. ही पायरी गाळली की सिलिंडरच्या आतली हवा नंतर गाडीवर निघता निघत नाही, आणि लोक म्हणतात नवा सिलिंडर खराब निघाला.

बूस्टरचा पुश रॉड (पिस्टनला ढकलणारा दांडा) नव्या सिलिंडरच्या पिस्टनला बरोबर भेटतोय का तपासायचं. आखूड पडला तर पेडल खोल. लांब पडला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डबीची वाट बंद राहते, ऑइल तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप लागायला लागतात. हे पेडल खाली बसण्यापेक्षाही वाईट.

ऑइल झाकणावर लिहिलेलंच, डॉट ४ असेल तर डॉट ४, सीलबंद बाटली. उघडून ठेवलेली बाटली घेऊ नका. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, त्यात ३.७% पाणी मुरलं की कमीत कमी १५५ एवढाच धरायचा, मग लांब उतारावर तापून वाफ होते आणि पेडल एकदम जातं. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, नाव सारखं वाटलं तरी डॉट ५.१ पेक्षा पूर्ण वेगळं, ते डॉट ४ मध्ये मिसळू नका. आणि यापुढे दर दोन वर्षांनी बदला.

चाकांची हवा काढायचा क्रम गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. सगळीकडे "लांबचं चाक आधी" सांगतात, पण तिरप्या जोडणीच्या गाड्यांत (एका लाइनवर पुढचं एक आणि त्याच्या तिरपं मागचं एक चाक) क्रम वेगळा असू शकतो. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनर लावून व्हॉल्व चालवावे लागतात. डबी रिकामी होऊ दिली नाही तर बहुतेक ती वेळ येत नाही. आणि ठोकळा. नव्या सिलिंडरला लागत नाही म्हणतील, तरी ठेवा, सवय चांगली.

चाकोरी:

इथे वाचणाऱ्यांसाठी एक जोडतो. चालत्या गाडीत पेडल खाली गेलं तर भराभर पंप करा, बहुतेकदा थोडा तरी दाब मिळतो. खालचे गिअर टाकत या, हँडब्रेक बटण दाबून ठेवून थोडा थोडा ओढा म्हणजे मागची चाकं एकदम जाम होणार नाहीत. इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं आणि बूस्टरही जातो.

पहाटवारा:

झालं काम. झाकणाचं रबर घट्ट होतं, चुकीचं ऑइल नव्हतं. नवा पूर्ण सिलिंडर बसवला, सगळं माझ्यासमोर. व्हाइसमध्ये हवा काढताना मीच नळ्या धरून होते. आधी मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग बराच वेळ काही नाही, मेकॅनिक म्हणाले झालं, पण मी अजून थोडं करा म्हटलं आणि खरंच आणखी दोन-तीन आले.

जुना सिलिंडर मागून घेतला आणि त्यांच्याकडूनच उघडून घेतला. मागची सर्क्लिप काढली, पहिला पिस्टन लगेच आला, दुसरा येईना, लाकडावर तोंड आपटल्यावर सुळकन बाहेर. पहिल्या पिस्टनच्या पुढच्या कपाची कड बोटाने उलटी करून बघितली तर एका बाजूला नखाच्या कोरीएवढी चीर, आणि तिच्या शेजारी कड अशी पातळ झालेली की पलीकडचं बोट सावलीसारखं दिसत होतं. नळीत टॉर्च मारला. अर्ध्यापर्यंत चकचकीत, आणि पुढे अचानक राखाडी-पांढरट पट्टा, तिथे खाली बारीक कण चिकटलेले. काडीला कापूस गुंडाळून फिरवला तर चकचकीत भागात सरसर गेला आणि पट्ट्यावर धागे अडकून राहिले. दादा, तुम्ही न बघता जे सांगितलं ते तसंच्या तसं समोर होतं. किट घातलं असतं तर नवीन रबर त्याच पट्ट्यावरून गेलं असतं.

आता पेडल वर आहे, इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं हलका पाय ठेवला, जागचं हललं नाही. पहिल्या गॅरेजमध्येही जाऊन तो कप दाखवून आले. भांडले नाही. ठोकळ्याचं सांगितलं, त्यांनी कप हातात घेऊन बराच वेळ बघितला.

ग्रीसचे हात:

वाचून फार बरं वाटलं. अजून दोन कामं राहिलीत. उद्या सकाळी कोरड्या कागदाने पाईपचे नट आणि सिलिंडरच्या मागचा सांधा पुसून बघा, डाग उमटता कामा नये. आणि रिकाम्या रस्त्यावर पंधरा-एक किलोमीटर चालवून आल्यावर चारही रिमजवळ हात न टेकवता धरून बघा. सगळीच चाकं जास्त तापली असतील आणि गाडी सोडल्यावर मोकळी पळत नसेल तर पुश रॉड लांब पडलाय, लगेच सांगा.

पहाटवारा:

दोन्ही केलं. कागद कोरडा. चाकं पुढची थोडी जास्त गरम, मागची कोमट, डावी-उजवी सारखी, आणि न्यूट्रलमध्ये गाडी हलक्या उतारावर आपोआप सरकली. पातळीची नवीन खूण करून ठेवलीय, पंधरा दिवसांनी परत बघेन आणि इथे लिहीन.